एक प्रभाग, चार मते: पनवेलचे निकाल आणि प्रतिनिधित्वाचा न सुटलेला प्रश्न

मे 2017 मध्ये एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या दोन ठिकाणी स्थानिक निवडणुका झाल्या. 4 मे रोजी स्कॉटलंडमधील 32 कौन्सिलांसाठी मतदान झाले, तर 24 मे रोजी पनवेल महानगरपालिकेसाठी, तिच्या स्थापनेनंतर प्रथमच. दोन्हीकडे एका प्रभागातून एकाहून अधिक, बहुतेक तीन किंवा चार, सदस्य निवडून द्यायचे होते. ग्लासगो शहराच्या 85 जागांपैकी स्कॉटिश नॅशनल पार्टीला 39, मजूर पक्षाला 31, हुजूर पक्षाला 8 आणि ग्रीन पक्षाला 7 जागा मिळाल्या; बहुमत कोणालाच नाही. पनवेलच्या 78 जागांपैकी भाजपला 51, शेतकरी कामगार पक्षाला (शेकाप) 23, काँग्रेसला 2 आणि राष्ट्रवादी काँग्रेसला 2. स्वतंत्र लढलेल्या शिवसेनेला भोपळाही फोडता आला नाही.

दोन निकालांतला हा फरक केवळ राजकारणाचा नाही. मतांचे जागांत रूपांतर करण्याची रीत दोन्हीकडे वेगळी आहे आणि निकालाचा बराचसा आकार तीच ठरवते. महाराष्ट्रात गेली 25 वर्षे प्रभाग एकसदस्यीय असावा की बहुसदस्यीय, हा वाद दर निवडणुकीआधी उफाळतो आणि निकाल लागला की विसरला जातो. पनवेल ही तुलनेने नवी महापालिका असल्याने हा वाद तिथे जवळून पाहता येतो. या लेखात त्याची पार्श्वभूमी, प्रमुख भूमिका आणि आजही अनुत्तरित असलेले प्रश्न क्रमाने मांडले आहेत.

नगरपालिकेपासून महापालिकेपर्यंत

पनवेलची नगरपालिका 1852 सालची, राज्यातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. बंदर, तांदळाचा व्यापार आणि घाटावर जाणारा रस्ता यांच्या बळावर उभे राहिलेले हे गाव. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईसाठी परिसरातील शेतजमिनी संपादित झाल्या आणि पुढील दशकांत नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर ही उपनगरे उभी राहिली. जुनी नगरपालिका मात्र मूळ शहरापुरतीच राहिली. उपनगरांत रस्ते, पाणी आणि कचरा सिडकोकडे. त्यांच्या मधोमध असलेल्या गावठाणांत ग्रामपंचायती.

1 ऑक्टोबर 2016 रोजी नगरपालिकेचे क्षेत्र, सिडकोची उपनगरे आणि 29 गावे एकत्र करून पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. रायगड जिल्ह्यातील ही पहिलीच महापालिका. क्षेत्र सुमारे 110 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 5,09,901. जुने शहर, नियोजित वसाहती, तळोज्याचा औद्योगिक पट्टा आणि आगरी-कोळी समाजाची गावे असे चार वेगळे तोंडवळे असलेले क्षेत्र एका सभागृहाखाली आले. या चौघांचे प्रश्न एक नव्हते. वसाहतींत सिडकोचे सेवाशुल्क आणि महापालिकेचा मालमत्ता कर असा दुहेरी बोजा, गावांत गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न, जुन्या शहरात देहरंग धरणाच्या अपुऱ्या पाण्याची ओरड, तर तळोज्यात कारखान्यांच्या प्रदूषणाची.

राजकीयदृष्ट्या हा शेकापचा बालेकिल्ला. जमीन संपादनाविरुद्धच्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील याच मातीतले, आणि विधानसभेत पनवेलचा आमदार दीर्घकाळ लाल बावट्याचाच असे. 2009 मध्ये काँग्रेसच्या प्रशांत ठाकूर यांनी ही परंपरा मोडली. 2014 मध्ये खारघरच्या टोलच्या मुद्द्यावर काँग्रेस सोडून ते भाजपमध्ये गेले आणि त्यानंतरच्या प्रत्येक विधानसभा निवडणुकीत निवडून आले. त्यांचे वडील रामशेठ ठाकूर 1998 आणि 1999 मध्ये शेकापच्याच तिकिटावर खासदार झाले होते. त्यामुळे महापालिकेची पहिली निवडणूक ही भाजप विरुद्ध शेकाप अशी असली, तरी एकाच राजकीय घराण्याच्या दोन फांद्यांमधलीही होती.

पहिला निकाल आणि त्याची घडण

2017 मध्ये 78 जागांसाठी 20 प्रभाग होते: 18 प्रभाग चार सदस्यांचे आणि 2 प्रभाग तीन सदस्यांचे. लोकसंख्येला प्रभागांनी भागले तर एका प्रभागात सरासरी 25 हजारांवर लोक येतात. शेकाप, काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांची आघाडी एका बाजूला, भाजप दुसऱ्या बाजूला आणि शिवसेना स्वतंत्र अशी लढत झाली. निम्म्या, म्हणजे 39 जागा महिलांसाठी राखीव होत्या. डॉ. कविता चौतमोल या पहिल्या महापौर झाल्या.

या पद्धतीत मतदार नेमके काय करतो, हे बारकाईने पाहायला हवे, कारण वादाचे मूळ तिथेच आहे. प्रभागातील चार जागांना अ, ब, क, ड अशी नावे असतात. प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र, उमेदवार स्वतंत्र आणि मतपत्रिकेचा रंगही वेगळा. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांची आरक्षणे या जागांवर सोडतीने पडतात. मतदान केंद्रात मतदारापुढे यंत्राचे एकाहून अधिक भाग ओळीने मांडलेले असतात आणि प्रत्येक जागेसाठी एक, अशी चार बटणे त्याने दाबायची असतात. प्रत्येक जागेसाठी ‘वरीलपैकी एकही नाही’ हा पर्यायही वेगळा असतो. चौथे मत नोंदवले की यंत्राचा आवाज होतो आणि मतदान पूर्ण होते.

म्हणजे प्रभाग चार जणांचा असला, तरी प्रत्यक्षात त्याच 25 हजार लोकांत एकाच दिवशी चार स्वतंत्र निवडणुका होतात आणि प्रत्येकीत सर्वाधिक मते मिळवणारा जिंकतो. पक्ष चौघांचे पॅनल उभे करतात आणि प्रचारात ‘चारही बटणे एकाच चिन्हाची’ दाबण्याचे आवाहन असते. मतदाराने ते ऐकले, तर प्रभागात थोडीशी आघाडी असलेला पक्षही चारही जागा घेऊन जातो. मतांतली लहान तफावत जागांत मोठी होऊन उतरते.

2017 चा निकाल वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. भाजपचे 51 हा आकडा त्याच्या खऱ्या ताकदीचा निदर्शक होताच. नव्या वसाहतींतील मध्यमवर्गीय मतदार, केंद्र आणि राज्यातील सत्ता आणि ठाकूर गटाची संघटना या तिन्हींचे पाठबळ त्यामागे होते. मात्र प्रभागवार लढतीत दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या मतांचे काय झाले, हे 51 आणि 23 या आकड्यांतून कळत नाही.

पद्धतीचे हेलकावे

प्रभाग पद्धत महाराष्ट्रात सातत्याने बदलत आली आहे. 2002 च्या महापालिका निवडणुका तीन सदस्यांच्या प्रभागांतून झाल्या. 2007 मध्ये पुन्हा एकसदस्यीय वॉर्ड आले. 2012 मध्ये दोन सदस्यांचे प्रभाग झाले. 2016 मध्ये देवेंद्र फडणवीस सरकारने चार सदस्यांची पद्धत आणली आणि 2017 च्या निवडणुका तिच्यानुसार झाल्या. महाविकास आघाडी सरकारने आधी ती रद्द करून एकसदस्यीय वॉर्ड आणण्याचा कायदा केला, मग 2021 मध्ये तीन सदस्यांच्या प्रभागाचा निर्णय घेतला. ऑगस्ट 2022 मध्ये एकनाथ शिंदे सरकारने 2017 ची रचना परत आणली. मुंबई महापालिका या सगळ्यापासून अलिप्त राहिली. तिथे 1888 च्या स्वतंत्र कायद्यानुसार 227 एकसदस्यीय वॉर्ड आहेत.

पुन्हा पुन्हा बदललेल्या या नियमाचे स्पष्टीकरण प्रत्येक सरकारने प्रशासकीय कारणांनी दिले, तर विरोधकांनी प्रत्येक वेळी त्यात राजकीय सोय पाहिली. दोन्ही बाजूंनी सत्तेत असताना बहुसदस्यीय प्रभाग आणले आहेत, म्हणून या वादाकडे पक्षीय चष्म्यातून पाहून फारसे हाती लागत नाही. भूमिका त्यांच्या गुणांवरच तपासायला हव्यात.

पहिली भूमिका: मोठा प्रभाग हवा

बहुसदस्यीय प्रभागाच्या समर्थकांचा पहिला मुद्दा आरक्षणाचा आहे. एकसदस्यीय पद्धतीत दर पाच वर्षांनी सोडत निघाली की पूर्ण वॉर्डच राखीव होतो किंवा खुला होतो. पाच वर्षे काम केलेल्या नगरसेवकाला आपला वॉर्ड सोडून परक्या ठिकाणी जावे लागते, किंवा घरातल्या महिलेला उभे करावे लागते. चार जागांच्या प्रभागात मात्र राखीव आणि खुल्या दोन्ही जागा असतात, त्यामुळे काम करणारी व्यक्ती आपल्याच परिसरात टिकून राहू शकते.

दुसरा मुद्दा नियोजनाचा. खारघरसारख्या वसाहतीत एका सेक्टरचा पर्जन्यजल नाला दुसऱ्या सेक्टरमधून जातो, शाळा तिसऱ्यात आणि बाजार चौथ्यात. सहा-सात हजार लोकसंख्येचा वॉर्ड केला की प्रत्येक नगरसेवक आपल्या गल्लीचा फुटपाथ आणि आपल्या बागेचे प्रवेशद्वार एवढेच बघतो. मोठा प्रभाग असेल तर मोठ्या कामांचा विचार होतो.

तिसरा मुद्दा पैसा, जातगट आणि दंडेली यांचा. लहान वॉर्डात काही शे मतांनी निकाल फिरतो, म्हणून मते विकत घेणे किंवा एका भावकीच्या बळावर निवडून येणे सोपे जाते. मोठ्या प्रभागात ते अवघड होते आणि पक्षाची ओळख, धोरण, जाहीरनामा यांना वजन येते. चौथा मुद्दा स्थैर्याचा. स्पष्ट बहुमत असलेले सभागृह अंदाजपत्रक वेळेवर मंजूर करते आणि महापौरपदासाठी पळवापळवीची वेळ येत नाही. पनवेलमध्ये 2017 ते 2022 या काळात सत्ता एकाच पक्षाकडे स्थिर राहिली, हे समर्थक उदाहरण म्हणून देतात.

दुसरी भूमिका: एक वॉर्ड, एक नगरसेवक

एकसदस्यीय वॉर्डाच्या बाजूचा युक्तिवाद जबाबदारीपासून सुरू होतो. गटार तुंबले, दिवा बंद पडला, टँकर आला नाही, तर नागरिकाने चौघांपैकी कोणाकडे जायचे? चौघेही एकाच पक्षाचे असतील तर आतून वाटणी झालेली असते आणि ती मतदाराला माहीत नसते. चौघे वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. उलट, काम झाले की उद्घाटनाच्या फलकावर चौघांची नावे असतात.

उमेदवारीचा खर्च हा दुसरा मुद्दा. 25 हजार लोकसंख्येच्या प्रभागात घरोघर पोहोचायचे तर संघटना आणि पैसा दोन्ही लागतात. अपक्ष, सामाजिक कार्यकर्ते, गृहनिर्माण सोसायट्यांचे प्रतिनिधी यांना पॅनलशिवाय उभे राहणे जवळजवळ अशक्य होते. मालमत्ता कराच्या प्रश्नावर खारघर-कामोठ्यात नागरिकांनी मोठी चळवळ उभी केली, पण तिला सभागृहात स्वतःच्या बळावर जागा मिळवणे अशा प्रभागात अवघड आहे. आंदोलनातली ताकद मतपेटीपर्यंत पोहोचण्याआधीच पक्षांच्या पॅनलमध्ये विरघळते.

तिसरा मुद्दा समानतेचा. त्याच पनवेल तालुक्यातल्या महापालिकेबाहेरील गावचा मतदार जिल्हा परिषदेच्या गटासाठी एक आणि पंचायत समितीच्या गणासाठी एक मत देतो, दोन्ही एकसदस्यीय. मुंबईतला मतदार एकच मत देतो. पनवेलचा मतदार चार देतो. एकाच राज्यात नागरिकाचे स्थानिक प्रतिनिधित्व इतके वेगवेगळे असावे याला तत्त्वाचा आधार काय, हा प्रश्न न्यायालयांतही विचारला गेला आहे. विधिमंडळाला पद्धत ठरवण्याचा अधिकार आहे, या भूमिकेपलीकडे तो फारसा गेला नाही.

तिसरी भूमिका: प्रभाग मोठाच ठेवा, मोजणी बदला

तिसरी भूमिका मराठीत कमी मांडली गेली आहे. तिच्यासाठी स्कॉटलंडचा अनुभव पाहणे उपयोगी ठरते. 1975 ते 1996 या काळात तिथे प्रादेशिक आणि जिल्हा अशी दोन स्तरांची स्थानिक मंडळे होती. जिल्हा मंडळांची संख्या 53. 1996 पासून त्यांच्या जागी 32 एकस्तरीय कौन्सिले आली. निवडणूक मात्र एकसदस्यीय वॉर्डातून, सर्वाधिक मते घेणारा विजयी, अशीच होत राहिली. 2003 मध्ये ग्लासगोत मजूर पक्षाला निम्म्याहून कमी मतांवर 79 पैकी 71 जागा मिळाल्या. विरोधक जवळपास उरलेच नाहीत. स्कॉटलंडच्या सत्ताधारी आघाडीतील मतभेद बाजूला ठेवून 2004 मध्ये कायदा झाला आणि 2007 पासून तीन किंवा चार सदस्यांच्या प्रभागांत पसंतीक्रमाने मतदान सुरू झाले. त्याच वर्षी ग्लासगोत मजूर पक्षाने बहुमत राखले, पण 45 जागांवर. इतरांनाही आवाज मिळाला.

या पद्धतीत मतदार उमेदवारांपुढे 1, 2, 3 असे क्रम लिहितो. निवडून येण्यासाठी किमान मतांचा एक कोटा ठरतो. समजा एका प्रभागात चार जागा आहेत आणि 20,000 वैध मते पडली. जागांत एक मिळवून मतांना भागले आणि त्यात एक मिळवला की कोटा येतो: 20,000 भागिले 5, अधिक 1, म्हणजे 4,001. एका पक्षाला 9,000, दुसऱ्याला 6,500 आणि तिसऱ्याला 4,500 मते मिळाली, आणि प्रत्येक पक्षाच्या मतदारांनी पसंती आपल्याच पक्षात ठेवली, तर पहिल्याला दोन, दुसऱ्याला एक आणि तिसऱ्याला एक जागा मिळते. हीच मते पनवेलच्या सध्याच्या रीतीने मोजली, तर चारही लढतींत 9,000 वाला पुढे राहतो आणि चारही जागा त्याच्या होतात. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण फरकाची दिशा हीच असते.

ही पद्धत पनवेलकरांना अगदी अपरिचित नाही. कोकण शिक्षक मतदारसंघात पनवेलचे शिक्षक पसंतीक्रमानेच मत देतात. निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनाने उमेदवारांच्या नावापुढे अंक लिहितात. 2017 मध्ये शेकापचे बाळाराम पाटील याच मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले. नगरसेवकही रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात पसंतीक्रमानेच मतदान करतात. महापालिकेच्या आतही स्थायी समितीचे 16 सदस्य आणि स्वीकृत नगरसेवक पक्षांच्या तौलनिक संख्याबळानुसार निवडले जातात. म्हणजे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचे तत्त्व कायद्याने समितीत मान्य केले आहे, फक्त मतदाराच्या मतापाशी मान्य केलेले नाही.

या भूमिकेवरचे आक्षेपही गंभीर आहेत. पहिला स्थैर्याचा: 2017 मध्ये स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरील एकाही कौन्सिलात कोणत्याही पक्षाला बहुमत मिळाले नाही. आघाड्यांची सवय असलेल्या ठिकाणी ते पेलते. जिथे पक्षांतरबंदी कायदा असूनही फोडाफोडी होते, तिथे काय होईल? दुसरा आक्षेप मतपत्रिकेचा. एकाच पक्षाच्या उमेदवारांत आडनावाच्या आद्याक्षरामुळे यादीत वर असलेल्याला जास्त पहिल्या पसंती मिळतात, असे स्कॉटलंडमध्ये वारंवार आढळले आहे. तिसरा आक्षेप सर्वांत अवघड: आपल्याकडे चारपैकी निम्म्या जागा महिलांसाठी, शिवाय जातीनिहाय राखीव आहेत. सगळ्या उमेदवारांची एकत्र मोजणी करताना ही आरक्षणे कशी पाळायची याचे चालू कायद्यात उत्तर नाही.

या प्रश्नाला इथे इतिहास मात्र आहे. 1937 च्या मुंबई प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत राखीव जागा असलेल्या बहुसदस्यीय मतदारसंघांत मतदार आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देऊ शकत असे. अल्पसंख्य गटांना त्यामुळे आपला खरा प्रतिनिधी निवडता येईल, अशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची धारणा होती. पुढे जानेवारी 1949 मध्ये संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर पद्धतीसाठी दुरुस्ती मांडली, तेव्हा आंबेडकरांनी साक्षरतेचे प्रमाण आणि स्थिर सरकारची गरज ही कारणे देऊन तिला विरोध केला. दोन्ही मते एकाच व्यक्तीची, पण दोन वेगळ्या प्रसंगांची: एक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा, दुसरा राष्ट्राच्या कारभाराचा. महापालिकेचे सभागृह या दोहोंपैकी कशाच्या अधिक जवळ आहे, हा विचार आज करण्याजोगा आहे.

लांबलेली निवडणूक आणि दुसरा निकाल

पनवेलच्या पहिल्या सभागृहाची मुदत जुलै 2022 मध्ये संपली. संविधानाच्या 243-यू अनुच्छेदानुसार मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी होती. तसे झाले नाही. 4 मार्च 2021 रोजी विकास गवळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गाच्या आरक्षणासाठी तीन कसोट्या बंधनकारक ठरवल्या, याच आरक्षणासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल जुलै 2022 मध्ये आला, प्रभागरचना बदलली, याचिका वाढत गेल्या. स्कॉटलंडने 5 मे 2022 रोजी ठरल्या वेळी पुढची निवडणूक उरकली, तेव्हा पनवेलसह राज्यातील महापालिका प्रशासकांच्या हाती जात होत्या. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, नंतर 31 जानेवारी 2026 ही अंतिम मर्यादा घातली आणि 15 जानेवारी 2026 रोजी राज्यातील 29 महापालिकांसाठी मतदान झाले.

या साडेतीन वर्षांत पनवेलच्या मालमत्ता कराचे, पाण्याचे, कचऱ्याचे निर्णय आयुक्तच प्रशासक म्हणून घेत होते. नागरिकांनी निवेदने दिली, न्यायालयात धाव घेतली, मोर्चे काढले, पण निर्णयावर मतदान करणारा प्रतिनिधी त्यांच्याकडे नव्हता. प्रभाग कितीचा असावा या चर्चेपेक्षा निवडणूक वेळेवर होणे अधिक मूलभूत आहे, ही गोष्ट या काळाने पनवेलकरांना शिकवली.

दुसऱ्या निवडणुकीत 78 जागा आणि 20 प्रभाग ही रचना कायम राहिली. सत्ता भाजपकडेच राहिली आणि पहिल्या सभागृहात 23 जागा असलेला शेकाप त्या आकड्याच्या जवळपासही पोहोचला नाही. त्यामागे राजकीय कारणे आहेत. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला आणि ठेवीदारांचा रोष या बँकेशी नाव जोडले गेलेल्या पक्षावर आला. पक्षातील जुने कार्यकर्ते बाहेर पडले. शिवसेना आणि राष्ट्रवादी फुटल्याने विरोधकांची जुनी गणिते मोडली. मात्र विरोधकांची मते विखुरली की चार सदस्यांच्या प्रभागात त्याची किंमत चौपट मोजावी लागते, हेही तितकेच खरे. राजकारण आणि पद्धत यांचा वाटा किती, हे वेगळे काढून दाखवणे सोपे नाही, आणि कोणी तसा दावा केला तर पुरावा मागितला पाहिजे.

या निवडणुकीत राज्यभरात साठहून अधिक उमेदवार मतदानाआधीच बिनविरोध निवडून आले. पनवेलमध्येही असे झाले. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने ‘वरीलपैकी एकही नाही’ या पर्यायाला सर्वाधिक मते मिळाली, तर फेरनिवडणूक घेण्याचा आदेश काढला होता. मग एकच उमेदवार उरल्यावर मतदान का होऊ नये, हा प्रश्न आता विचारला जातो. बिनविरोध निवडीच्या बाजूने खर्च आणि सामंजस्य ही कारणे दिली जातात. विरोधात, मतदाराचा नकाराचा हक्क आणि माघारीसाठी दबाव येण्याची शक्यता. स्कॉटलंडमध्ये बहुसदस्यीय प्रभाग आणि पसंतीक्रम आल्यावर 2007 मध्ये अशी एकही जागा उरली नव्हती, पण नंतरच्या निवडणुकांत काही दूरच्या प्रभागांत ती पुन्हा दिसू लागली. म्हणजे पद्धत बदलली की हा प्रश्न कायमचा सुटतो असे नाही.

काय अजून ठरायचे आहे

या सगळ्यातून उरणारे प्रश्न नेमके सांगता येतात.

पहिला प्रश्न रचना कोण करणार याचा. मार्च 2022 मध्ये प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य शासनाकडे आले. आयोगाची अंतिम मंजुरी लागते, पण पहिला आराखडा शासनाच्या हाती आहे. पक्षांना निवडणूक लढवायची असते आणि सीमा आखण्याचा अधिकारही त्यांच्याच सरकारकडे राहतो. निष्पक्षतेच्या दृष्टीने हे कितपत योग्य, यावर एकमत नाही.

दुसरा प्रश्न लोकसंख्येचा. 2026 मधील पनवेलचे प्रभागही 2011 च्या जनगणनेवर आधारलेले आहेत. मधल्या 15 वर्षांत खारघर, तळोजे, नवीन पनवेल येथे हजारो घरांत वस्ती झाली, लोकल आणि मेट्रोने नवी माणसे आली, विमानतळही सुरू झाला. 2027 च्या जनगणनेनंतर जागा वाढतील आणि सीमाही बदलतील, पण आजच्या प्रभागांत एका मताचे वजन सगळीकडे सारखे आहे असे म्हणता येत नाही.

तिसरा प्रश्न क्षेत्रसभेचा. 2009 च्या दुरुस्तीने महापालिका क्षेत्रात नागरिकांच्या क्षेत्रसभांची तरतूद केली. प्रभाग मोठा असल्याने माणूस नगरसेवकापासून दुरावतो, या तक्रारीवर हे एक संभाव्य उत्तर होते. राज्यात ती तरतूद कागदावरच राहिली. पनवेलमध्ये खारघर, कळंबोली, कामोठे आणि पनवेल या प्रभाग समित्या आहेत, पण चौकातल्या नागरिकाला बोलता येईल अशी सभा नियमित होत नाही.

चौथा प्रश्न आकड्यांचा. कोणत्याही पद्धतीविषयी बोलायचे तर प्रत्येक जागेवर कोणाला किती मते पडली, किती जणांनी नकारमत दिले, किती मतदारांनी चारही जागांवर एकाच पक्षाला मत दिले याचा हिशेब हवा. उमेदवारनिहाय मते अधिकृतपणे जाहीर होतात, पण ती 29 महापालिकांची एकत्र, पाहायला आणि तुलना करायला सोपी अशी मांडणी सामान्य वाचकाला सहज सापडत नाही. तोपर्यंत बहुसदस्यीय प्रभागाने मोठ्या पक्षांना किती फायदा झाला, हा वाद अंदाजावरच चालेल.

आढाव्याच्या शेवटी

हे सर्व पाहिल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. पनवेलच्या दोन्ही निकालांत मतदारांचा कौल होता, पण तो सभागृहात कसा उतरेल हे प्रभागाच्या आकाराने आणि मोजणीच्या रीतीनेही ठरवले. एकसदस्यीय वॉर्ड जबाबदारी स्पष्ट करतो, मोठा प्रभाग आरक्षण आणि नियोजन सोपे करतो, पसंतीक्रम विरोधकांना आवाज देतो; तिन्ही एकाच वेळी पूर्णपणे मिळत नाहीत. कशाला प्राधान्य द्यायचे हे ठरवणे हा धोरणाचा प्रश्न आहे आणि ते निवडणुकीच्या तोंडावर, सोयीनुसार ठरू नये, यावर तरी सर्व बाजूंचे एकमत व्हायला हरकत नसावी.

त्यासाठी एक सोपी सुरुवात शक्य आहे. प्रभागपद्धत बदलायची असेल, तर बदल किमान एक निवडणूक सोडून पुढच्या निवडणुकीला लागू करावा, असा नियम कायद्यात आणता येईल. मग बदल करणाऱ्या पक्षाला त्याचा तात्काळ फायदा मिळणार नाही आणि चर्चा गुणांवर होईल. दरम्यान पनवेलच्या नव्या सभागृहाला क्षेत्रसभा सुरू करण्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. तरतूद आहे, प्रभाग समित्या आहेत, प्रशासनही आहे. पुढच्या निवडणुकीत पनवेलकर कोणत्याही पद्धतीने मत देवोत, मधल्या पाच वर्षांत आपल्या चार नगरसेवकांना समोर बसवून हिशेब विचारण्याची सवय त्यांना लागली, तर त्या मताचे वजन आजच्यापेक्षा नक्की वाढेल.